तलावापलीकडची बैठक

"गडचिरोली आंतरराष्ट्रीय कधीपासून झालं?" आमच्या विभागप्रमुखांनी भर बैठकीत मला विचारलं आणि सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशीचा चहा त्यांचा होता.

मी पुण्यात एम.ए.च्या मुलांना आंतरराष्ट्रीय अभ्यास शिकवते. यंदा अभ्यासक्रमात नवी अट आली. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्गाबाहेर कुठेतरी जाऊन प्रत्यक्ष काम करून यायचं. एका सहकाऱ्याने मुलांना दिल्लीच्या वकिलाती दाखवायचं ठरवलं. दुसऱ्याने परदेशी संस्थेचं काम घरबसल्या संगणकावर मिळवून दिलं, म्हणजे वर्गाबाहेरही नाही आणि घराबाहेरही नाही. मी म्हटलं, आपण वर्षभर निर्वासित, सीमा आणि करार घोकतो. पूर्व पाकिस्तानातून आलेली माणसं सरकारने गडचिरोलीच्या जंगलात मुलचेऱ्याच्या आसपास वसवली, त्यांची नातवंडं तिथे भात लावतात. एवढा आंतरराष्ट्रीय मामला एस.टी.च्या अंतरावर असताना जिनिव्हाचे नकाशे कशाला बघत बसायचं?

माझ्याकडे दोनच विद्यार्थी आले. एक मैत्रेयी. नकली संयुक्त राष्ट्रसंघ नावाचा एक स्पर्धेचा प्रकार असतो. त्यात मुलं कोट घालून एकेका देशाचे प्रतिनिधी होतात आणि तावातावाने ठराव पास करतात. मैत्रेयी त्यातली पट्टीची खेळाडू. ती फ्रान्स झालेली आहे, केनिया झालेली आहे आणि एकदा उत्तर कोरिया होऊन तिने बक्षीसही आणलंय. दुसरा सुजित मंडल. तो मुलचेऱ्याजवळच्या एका बंगाली वस्तीतलाच. त्याच्यासाठी हे प्रत्यक्षकार्य म्हणजे घरी जाणं होतं, तरी गाडीत त्याचं तोंड परीक्षेला चालल्यासारखं का होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

चंद्रपूर

चंद्रपूरला उतरलो आणि मार्च महिना असूनही उन्हाने तोंडावर फटकाच मारला. जुन्या परकोटाच्या दरवाजातून रिक्षा, बस आणि कोळशाचे ट्रक एकमेकांना वाट न देता कसे काय आत-बाहेर करतात हे बघण्यासारखं आहे. आमचा ऑटोवाला बोलका निघाला.

"मोहर्लीले का? वाघ पाहाले आले असान," तो म्हणाला.

"नाही हो. मुलचेऱ्याला चाललोय."

त्याने मान वळवून आमच्याकडे नीट बघितलं. "मुलचेऱ्याले? काऊन? तिथी काय हाये?"

"माणसं आहेत," मी म्हटलं.

"मानसं त इथी बी हायेत, म्याडम," तो म्हणाला आणि बस स्टँडवर सोडून मीटरचं नावही न काढता भाडं सांगून मोकळा झाला.

गोंडपिपरी मागे पडली, आष्टीला वैनगंगा ओलांडली आणि पळसाने पेटलेलं जंगल दोन्ही बाजूंनी जवळ आलं. आष्टीत चहाला उतरताना माझ्या सँडलचा पट्टा तुटला. तिथल्या बाजारात माझ्या मापाची एकच जोडी होती, झगझगीत गुलाबी प्लास्टिकची चप्पल. मैत्रेयीने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो काही तिला जमला नाही. पुढचा सगळा प्रवास मी त्याच चपलेवर केला.

अलीकडे

गावांची नावं मी मुद्दाम सांगत नाही. मोठा पसरट तलाव आहे. त्याच्या अलीकडे सुजितची वस्ती, जिला सगळे कॅम्प म्हणतात, आणि पलीकडे गोंडांचं गाव. तेव्हा अलीकडचं आणि पलीकडचं एवढ्यावर आपलं भागेल.

सुजितच्या आईने दारातच माझे पाय धरले. "दिदिमोणि," ती म्हणाली. बंगालीत शिक्षिकेला असं म्हणतात. शेणाने सारवलेलं अंगण, कोपऱ्यात तुळस, बांबूच्या कुडाला टांगलेल्या दुधीच्या वाळक्या तुंब्या आणि घरामागे वीतभर रोपांचा उन्हाळी धान. सुजितचे वडील निमाईबाबू गमछ्याने हात पुसत आले आणि आम्हाला पाटावर बसवून त्यांनी जेवायला वाढायला सांगितलं. डाळ, कारल्याची भाजी, भात, आणि मोहरी वाटून केलेला रोहूचा रस्सा.

मी रत्नागिरीची. गोड्या पाण्यातला मासा हा मासाच नव्हे अशा मतात वाढलेली. पहिला घास मी केवळ शिष्टाचार म्हणून घेतला. दुसरा भात मागून घेतला. तिसऱ्या वेळी सुजितच्या आईने विचारलंच नाही, वाढला.

"हा तुमच्या तलावातला?" मी विचारलं.

सुजितच्या आईने पळी परत भांड्यात ठेवली. "नाही, दिदिमोणि," निमाईबाबू म्हणाले. "बाजारचा. बरफवाला."

मग सुजितने तलावाची गोष्ट सांगितली, आणि या प्रवासात खरं काय पणाला लागलंय ते कळलं. तलाव पलीकडच्या गावाच्या हद्दीतला, वनहक्कात त्यांच्या गावसभेकडे आलेला. पण कॅम्प वसला तेव्हापासून दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की एक दिवस ठरवून दोन्ही गावं मिळून तलावात उतरायची. बायका टोपल्या घेऊन, पुरुष जाळी घेऊन. निघेल ते मासे घराघरात वाटून घ्यायचे. नियम एकच होता. पावसात माशांच्या पोटात अंडी असतात, तेव्हा तलावाला कोणी हात लावायचा नाही. मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात कोणीतरी तो मोडला. पलीकडच्यांना पाण्यात कॅम्पच्या विणीचं जाळं सापडलं. कोणाचं ते कोणी कबूल केलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मासे धरायच्या दिवशी पलीकडून बोलावणं आलंच नाही. आता या उन्हाळ्याचं काय, ते ठरवायला पलीकडे सभा बसणार होती, आणि तीच पाहायला आम्ही गेलो होतो.

"आणि या वेळीही नाही बोलावलं तर?" मैत्रेयीने विचारलं.

"तर मग बोलावणार नाहीत," सुजित म्हणाला. "दोन वर्षं मोडलं की मोडलंच. मासे बाजारातही मिळतात. पण आमच्या लोकांना या जंगलात शेजारी म्हणून कोण आहे दुसरं?"

त्याच्या आईने माझ्या ताटात आणखी एक तुकडा टाकला.

पलीकडे

निघताना मी दोघांना माझं नेहमीचं पालुपद ऐकवलं. आपण निरीक्षक आहोत. निरीक्षक ऐकतो, बघतो, कोणाची बाजू घेत नाही. सुजितकडे बघून मी ते दोनदा म्हटलं, कारण तो त्याच मातीतला. तो "हो मॅडम" म्हणाला.

बांधावरून चालत पलीकडे पोचायला फार वेळ लागत नाही, फक्त प्लास्टिकची चप्पल असेल तर लागतो. गोटुल म्हणजे या गावाची बसायची जागा. वर कौलांचं छप्पर, खाली सागाचे खांब, भिंती नाहीत. मधल्या खांबाला एक फाटकं, वाळून कडक झालेलं जाळं टांगलेलं होतं. सुजितने ते पाहिलं आणि तो आमच्यापासून थोडा मागे, खांबाच्या सावलीत जाऊन बसला.

सभा दौलतभाऊ चालवत होते. उंच, सावकाश बोलणारे, दर वाक्यानंतर तंबाखू चोळणारे. एकेक जण उठून बोलत होता, काही मराठीत, काही गोंडीत. बोलवावं असंच बहुतेकांचं म्हणणं होतं. गणपत नावाचा एक तरणा मात्र फार चिडला होता. "अंड्यावरचे मासे धरले त्याईनं! दोन वर्सं तलाव रिकामा पडला!" पण बोलता बोलता तोही नरमला. उरली एक ताराबाई. खांबाला टेकून बसलेली, पांढरे केस, कपाळावर आणि हातांवर गोंदण, तोंडात काडी. प्रत्येक वेळी दौलतभाऊ तिच्याकडे बघायचे आणि ती म्हणायची, "मले नाई पटत."

"काऊन नाई पटत, आत्या?"

"नाई पटत म्हनजे नाई पटत."

मग पुन्हा पहिल्यापासून. माणसं कंटाळली तरी उठत नव्हती. एक बाई तिथेच बसून तांदूळ निवडत होती. माझे पाय बधिर झाले. अखेर दौलतभाऊंनी हसत आमच्याकडे बोट केलं. "हे पुन्याचे लोक एवढं शिकून आले. विचारा त्याईले, तुमच्याइथी कसं करते?"

त्यांनी आपली गंमत केली होती. पण मैत्रेयी उभीच राहिली. मी तिचा कुर्ता ओढायच्या आत ती म्हणाली, "सोपं आहे, भाऊ. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

पाहुण्या पोरीने सांगितलं म्हणून लोकांनी कौतुकाने हात वर केले. तांदूळ निवडणारीनेही केला. गणपतनेही, कुरकुरत का होईना. एकट्या ताराबाईचे हात मांडीवर होते. मैत्रेयीने नजर फिरवली, आनंदाने "मंजूर!" म्हणाली आणि टाळी वाजवली.

तिच्या टाळीत कोणाचीच टाळी मिळाली नाही. लोक आपापल्या वर गेलेल्या हातांकडे बघत होते, जसे काही ते दुसऱ्याचेच आहेत. ताराबाई उठली, तिने पदर कमरेला खोचला आणि आमच्याकडे न बघता निघून गेली. दौलतभाऊंनी तंबाखू झटकली. "सभा सरली."

"म्हणजे? ठरलं ना?" मैत्रेयी म्हणाली.

दौलतभाऊ रागावले नाहीत, तेच मला जास्त लागलं. "बाई, आमच्याइथी हात मोजत नाई. एकजन नाई म्हनते तवा त्याच्या मनातलं निघेपर्यंत बसा लागते. मंग दिवस जावो का दोन जावो. तुमी हात मोजले. आता सारं गाव एकीकडे, आन आत्या एकीकडे. एकाले एकटं पाडून आमी काई ठरवत नाई."

"मग परत बसू या. आत्ताच," मैत्रेयी म्हणाली.

"ज्याले एकटं पाडलं त्यानंच बोलावलं तर सभा बसते. नाईतर मोह सरल्यावर." उद्यापासून सगळं गाव मोहफुलं वेचायला जंगलात. मोह सरला की विड्यांसाठी तेंदूची पानं तोडायची. तोवर मासे धरायचा दिवस निघून गेलेला असणार, कॅम्पशिवाय.

आम्ही बांधावरून परतलो. मैत्रेयीचे डोळे भरले होते. मला आमच्या पुण्यातल्या सोसायटीची आठवण आली. पार्किंगच्या ठरावात आम्ही एका आजोबांना असंच हात वर करून हरवलं. ठराव एकमताला एकच मत कमी पडून पास झाला म्हणून पेढेही वाटले. तेव्हापासून ते आजोबा लिफ्टमध्ये कोणाशी बोलत नाहीत. आम्ही त्याला लोकशाही म्हणतो आणि जिन्याने जातो.

मोहाखाली

मोह पहाटे गळतो, उजाडताना वेचायचा असतो. दुसऱ्या दिवशी मी आणि मैत्रेयी ताराबाईला शोधत जंगलात गेलो. झाडाखालचा पालापाचोळा तिने आधीच जाळून जागा साफ केली होती, आणि त्या काळ्या जमिनीवर पिवळसर, रसाळ फुलं टपटप पडत होती. गोड, आंबूस, डोक्यात जाणारा वास. ताराबाईने आम्हाला पाहिलं, माझ्या गुलाबी चपलेवर तिची नजर जरा जास्त वेळ थांबली आणि ती पुन्हा वेचायला लागली.

"आजी, माझं चुकलं," मैत्रेयी म्हणाली.

"वेच मंग. उभी राहून काय होते?"

आम्ही वेचायला बसलो. माझी टोपली अर्धी होईतो कंबर गेली. मैत्रेयीने एक फूल तोंडात टाकलं आणि तोंड वाकडं केलं. ताराबाई पहिल्यांदा हसली. "पुन्यात नाई भेटत काय?"

"नाही. आजी, तुम्ही नाही का म्हणालात? तुमचा राग आहे का कॅम्पवर?"

"राग कायचा? माहा सासरा त्याईले पहिल्यांदा तलाव दाखवाले घेऊन गेला होता. घाबरलेले लोक होते. लेकरं रडून राह्यले होते. आमी बी काई लय मोठे नव्हतो, पन मासे दिले." ती थांबली. "तो पोरगा तुमच्यासंगं बसला होता तो. निमाईचाच ना?"

"हो."

"मी त्याले लहानपनी ह्याच तलावातून कान धरून बाहेर काढला हाये. तो सभेत बसला, त्याच्याच गावाचं बोलनं चालू, आन तो मुका! तुमच्याकडून पाह्यते जसं काई आमी सिनेमा होय. ज्याचं बोलनं त्याचंच तोंड बंद, आन मी हो म्हनू? कोनाले हो म्हनू?"

मैत्रेयीने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या टोपलीकडे.

"त्याला मीच गप्प बसायला सांगितलं होतं," मी म्हटलं.

"तुमी?" ताराबाईने मला खालून वर न्याहाळलं. "काऊन?"

मला तटस्थतेवरचा माझा आख्खा तास पाठ आहे. त्या मोहाखाली त्यातलं एक वाक्य मला बोलता आलं नाही. मला मनापासून लाज वाटली आणि थोडं हसूही आलं.

"बोलाव त्याले," ताराबाई म्हणाली. "आन त्याच्या बापाले. उद्या मी सभा बोलावतो. येतीन त बोलू. नाई आले त मोह वेचू."

बांधावर

संध्याकाळी सुजित बांधावर बसला होता. पाण्यावर बगळे उतरत होते. मी ताराबाईचा निरोप सांगितला. वाटलं, आनंदेल. त्याने गुडघ्यात डोकं घातलं.

"मॅडम, ते जाळं बाबांचं आहे."

मी शेजारी बसले.

"मी पुण्याला निघालो त्याच्या आदल्या दिवशी. कॅम्पातून एम.ए.ला जाणारा मी पहिला. बाबांना सगळ्या कॅम्पला जेवण द्यायचं होतं. आमच्याकडे शुभकार्याला मासा नाही म्हणजे कार्यच नाही. पावसाने रस्ता बंद, बाजारात मासा नाही. मग ते उतरले तलावात. मी बघत होतो, मॅडम. मी काही बोललो नाही. सगळ्यांनी जेवून मला आशीर्वाद दिला. दुसऱ्या दिवशी रस्ता सुटला, आणि जाळं सापडलं तेव्हा मी गाडीत होतो." त्याने नाक पुसलं. "माझ्या जेवणाने सगळ्या कॅम्पचा तलाव गेला. आणि आता मी तिथे उभं राहून काय सांगू? की माझा बाप चोर आहे?"

सांगितलं तर बापाची दोन गावांसमोर बेअब्रू, आणि कदाचित तलाव कायमचा बंद. नाही सांगितलं तर ताराबाई हलणार नाही, म्हणजे तलाव बंदच. पुस्तकात अशा जागी शिष्टाईचे पर्याय दिलेले असतात. इथे एक पोरगा रडत होता.

"निरीक्षक म्हणून मी काय करायला हवं, मॅडम?"

"निरीक्षक मी आणि मैत्रेयी," मी म्हटलं. "तुला मी त्यातून काढलं. आता घरी जा आणि बाबांशी बोल."

त्या संध्याकाळी जेवताना घरात कोणी कोणाकडे बघत नव्हतं. निमाईबाबूंनी भात नुसता कालवला. शेवटी सुजितची आई बोलली. "आमि जाबो," ती म्हणाली. मी जाईन. नवऱ्याकडे बघून तिने ते पुन्हा म्हटलं. मग निमाईबाबूंनी पहिला घास घेतला.

पुन्हा पलीकडे

दुसऱ्या दिवशी मोह वेचून झाल्यावर सभा बसली. या वेळी सुजित आमच्या चटईवर बसला नाही. तो आईवडिलांबरोबर समोर बसला, आणि मला माझी चटई फार मोठी वाटायला लागली. मैत्रेयीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

दौलतभाऊंनी बोलायला तोंड उघडण्याआधीच निमाईबाबू उठले. खांद्यावरचा गमछा काढून त्यांनी हातात घेतला आणि मधल्या खांबापाशी जाऊन जाळ्याला हात लावला.

"ये जाळं माझं हाय," ते म्हणाले.

गोटुलात एकदम गलका झाला. गणपत उभाच राहिला. "पाहा! मी म्हनत होतो! दोन वर्सं तोंड शिवून बसला हा मानूस!" दोन-तीन जण त्याच्या बाजूने ओरडले. सुजितची आई डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसली होती. सुजित वडिलांशेजारी जाऊन उभा राहिला.

"माझ्यासाठी टाकलं होतं," तो म्हणाला. "मी पुण्याला शिकायला चाललो होतो. जेवण होतं माझं. मला माहीत होतं पावसात मासे धरत नाहीत. बाबांनाही माहीत होतं. आम्ही धरले."

दौलतभाऊंची तंबाखू हातातच राहिली. मग ताराबाईने तोंडातली काडी काढली.

"शिकाले चालला म्हनून जेवन होतं?"

"हो, आजी."

"साऱ्या कॅम्पाले?"

"हो."

"आन आमाले काऊन नाई बोलावलं?"

निमाईबाबू गमछा पिळत राहिले.

"मासे आमच्या तलावाचे," ताराबाईचा आवाज चढला, "पोरगा आमच्या तलावात बुडता बुडता मोठा झाला, कान माह्या हातात होता त्याचा. तो पुन्याले चालला, जेवन झालं, आन तलावाच्या ह्या अंगाले कोनाले पत्ता नाई? अंड्यावरचे धरले ते धरले. पन आमाले सोडून जेवले कसे तुमी?"

आणि निमाईबाबू रडायला लागले. एवढा थोराड माणूस, गमछ्यात तोंड खुपसून. "भीती वाटली, ताराबाई," ते म्हणाले. "बोलावलं असतं तर मासे कुठून आले, विचारलं असतं."

"विचारलं असतं. शिव्या दिल्या असत्या. मंग जेवलो असतो," ताराबाई म्हणाली.

मागे कोणीतरी हसलं. मग आणखी कोणी. तांदूळ निवडणारी बाई तर सूप बाजूला ठेवून हसली. मला हसू आणि रडू एकदमच आलं आणि मी चष्मा पुसायचं नाटक केलं.

"माहं हो हाये," ताराबाई म्हणाली.

तरी सभा संपली नाही. आता गणपत अडला. त्याचं नाही म्हणणं अजून मनातून निघालं नव्हतं, आणि त्याच्यासाठीही सगळे तेवढ्याच चिवटपणे बसले. शेवटी त्याने अट घातली. हे जाळं निमाईने शिवायचं, आणि मासे धरायच्या दिवशी पहिल्यांदा तेच पाण्यात टाकायचं, दोन्ही गावांच्या हातांनी. निमाईबाबूंनी जाळं तिथल्या तिथे खांबावरून सोडून खांद्यावर घेतलं. दौलतभाऊंनी एकेकाच्या तोंडाकडे बघून विचारलं, एकेकाने हो म्हटलं. आमच्या चटईपर्यंत आले आणि थांबले.

"पुन्याचे लोक?"

"हो," मैत्रेयी म्हणाली. मांड्यांखालचे हात न काढता.

"आन जेवन?" ताराबाईने आठवण करून दिली. "पोरगा पास झाला का दोन्ही गावाले जेवन. पन रिझल्ट पावसात लागते ना? मंग बोकड्याचं. मासे नाई."

पुणे

आल्यावर विभागात आम्ही कामाचं सादरीकरण केलं. मैत्रेयीने छान मांडणी केली, नकाशे दाखवले, कॅम्प वसल्याची कहाणी सांगितली. विभागप्रमुख खूश झाले आणि शेवटी त्यांनी विचारलं, "मग तो निर्णय किती मतांनी झाला?"

मैत्रेयीने सुजितकडे बघितलं. "हात मोजले नाहीत, सर. विरोधात बसायला कोणी उरलंच नव्हतं."

त्यांनी ते लिहून घेतलं की नाही, मला माहीत नाही.

मे महिन्यात परीक्षा आटोपून सुजित गावी गेला. एका दुपारी त्याचा फोन आला. मागे नुसता कल्लोळ, पाण्याचा, लहान पोरांचा, बायकांच्या ओरडण्याचा. "मॅडम, ऐकताय ना? पहिलं जाळं बाबा आणि गणपतभाऊंनी टाकलं," तो ओरडून सांगत होता. तेवढ्यात फोन कोणीतरी त्याच्या हातातून घेतला.

"बाई, मी तारा बोलतो. पोरगा पास झाला का वो?"

"अजून पेपरच तपासले नाहीत हो, ताराबाई."

"काऊन नाई तपासले? निमाईनं बोकडा आनून बांधला हाये. मी रोज जातो त्याले पाहाले. मोठा होऊन राह्यला. लवकर करा ना!"

तीस वर्षांच्या नोकरीत पेपर वेळेवर तपासणारी म्हणून माझी ख्याती नाही. फोन ठेवला आणि मी पेपरांच्या गठ्ठ्याची दोरी सोडली.